हृदय-फुफ्फुसांचे जुनाट आजार आणि व्यायाम: पीएचडी करू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय नेमका काय आहे? फिजिओथेरपी, मेडिसिन की स्पोर्ट्स सायन्स?

तिन्हींच्या सीमेवरचा आहे. जिना चढताना माणूस मध्येच का थांबतो, या प्रश्नाचं मोजून उत्तर देणं हे इथलं काम. हवेतला ऑक्सिजन फुफ्फुसांतून रक्तात जातो, हृदय ते रक्त पुढे ढकलतं आणि स्नायू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात. अॅडॉल्फ फिकने १८७० साली मांडलेलं समीकरण आजही वापरात आहे: ऑक्सिजनचा वापर म्हणजे हृदयाने दर मिनिटाला पुढे टाकलेलं रक्त गुणिले धमनी आणि शिरेतल्या ऑक्सिजनचा फरक. आजार यातल्या एका जागी असतो, पण अडचण बहुतेक वेळा दोन-तीन जागी सापडते.

सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन श्वास बाहेर टाकणं अवघड करणारा जुनाट फुफ्फुसविकार) असलेला पेशंट भरभर चालू लागला की श्वास पुरता बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास सुरू होतो. हवा आत साठत जाते आणि छाती फुगलेलीच राहते. हे झालं फुफ्फुसाचं. दम लागतो म्हणून तो माणूस वर्षभर बाजारात गेलेला नसतो, त्यामुळे मांड्यांचे स्नायू गळालेले असतात. मग तेवढ्याच चालण्याला आधीपेक्षा जास्त दम लागतो. हार्ट फेल्युअरमध्येही, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही तेव्हाही, तेच. नुसतं पडून राहिल्याने किती नुकसान होतं हे १९६६ साली डॅलसमध्ये मोजलं गेलं. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घटली. ते तर धडधाकट होते. आपल्याकडे बायपासनंतर घरच्यांनी प्रेमापोटी सहा महिने झोपवून ठेवलेल्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

मी एमपीटीएच (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) केलं आहे. माझी मैत्रीण स्पोर्ट्स सायन्सची एमएस्सी आहे. दोघींनाही प्रवेश मिळेल का?

विषय दोघींना घेता येईल, पण दार वेगळं असू शकेल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात तुमच्या विद्याशाखेतून नोंदणी होते. स्पोर्ट्स सायन्सवाल्यांना एखादं सर्वसाधारण किंवा अभिमत विद्यापीठ जास्त सोयीचं पडतं. मात्र पेशंटवर काम करायचं तर रुग्णालयातला डॉक्टर सहमार्गदर्शक म्हणून लागतोच. ही सोय आधी करा, अर्ज नंतर भरा. उलटा क्रम धरलेले विद्यार्थी दुसऱ्या वर्षी ओपीडीच्या दारात उभे असतात आणि आत कोणी घेत नाही.

किती वर्षं लागतात?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. तीन वर्षांत संपवणारे थोडे. विषय कठीण म्हणून उशीर होतो असं क्वचितच दिसतं. पेशंट मिळायला वेळ लागतो, तिथेच गाडी अडते.

‘सीओपीडीच्या रुग्णांमध्ये आठ आठवड्यांच्या व्यायामाचा सहा मिनिटांच्या चालण्यावर परिणाम’ असा विषय चालेल का?

नोंदणी होईलही कदाचित. पण घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाचं उत्तर मिळून गेलेलं आहे. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते. पल्मनरी रिहॅबिलिटेशनने (फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी आखलेला व्यायाम आणि शिक्षण, थोडक्यात रिहॅब) दम कमी होतो, चालणं वाढतं, जगणं सुसह्य होतं, हे त्यातून इतकं स्वच्छ दिसलं की संपादकांनी तो आढावाच बंद केला. रिहॅब विरुद्ध नेहमीचे उपचार अशी सीओपीडीतली आणखी एक तुलना आता नको, असं त्यांनी लिहून टाकलं. विज्ञानात असं फार वेळा घडत नाही. तरीही आपल्याकडे तोच विषय, गावाचं नाव बदलून, दरवर्षी येतो. शिवाय तुलनेच्या गटाला ज्या उपचाराचा फायदा माहीत आहे तोच नाकारायचा, हे नैतिक समितीलाही पटवणं अवघड जातं.

मग उरलं काय संशोधन करायला?

पुष्कळ. व्यायामाचा फायदा होतो हे ठरलं. तो कोणापर्यंत पोचत नाही, का पोचत नाही आणि पोचला तर का टिकत नाही, हे ठरायचं आहे.

आपल्या भागाकडे बघा. भारतात १९९० साली सीओपीडीचे सुमारे २.८१ कोटी रुग्ण होते, २०१६ साली ५.५३ कोटी. जगभरातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी बिडी-सिगारेट ओढलेली नाही. हा आकडा ज्या आढाव्यात आला, तो लिहिणाऱ्या दोघांपैकी डॉ. संदीप साळवी पुण्याचे. तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईचं फुफ्फुस आणि तिच्या मांडीचे स्नायू हे युरोपातल्या सिगारेट ओढणाऱ्या पुरुषासारखेच वागतात का? व्यायामाचे जवळजवळ सगळे आकडे त्या पुरुषाचे आहेत.

दुसरं, टीबी बरा झाल्यानंतरचं फुफ्फुस. औषधं पूर्ण होतात, कार्डावर ‘बरा’ असा शिक्का बसतो, आणि माणूस पुन्हा शेतावर गेला की बांधावर बसून धापा टाकतो. टीबी कार्यक्रमाच्या हिशेबात तो कुठेच नसतो. तिसरं, संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊन ऑपरेशन झालेल्या तरुण बायका. चौथं, अँजिओप्लास्टी करून तीन दिवसांत घरी गेलेला माणूस, ज्याला डिस्चार्ज कार्डावर ‘हलका व्यायाम करा’ एवढंच मिळतं. हलका म्हणजे किती? त्या एका शब्दावर प्रबंध उभा राहू शकतो.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या पुढाकाराने भारत, श्रीलंका, युगांडा आणि किर्गिझस्तानात चाललेला ‘ग्लोबल रिचार्ज’ हा प्रकल्प जरूर वाचा. साधनं कमी असताना रिहॅब कसं उभं करायचं, हाच त्याचा विषय आहे.

सहा मिनिटांची चाल-चाचणी तर सोपी असते ना?

दिसायला. सहा मिनिटांत पेशंट किती मीटर चालतो एवढंच मोजायचं. खर्च नाही, मशीन नाही, म्हणून सगळे घेतात. आणि निम्मे चुकीची घेतात.

लागतो तो ३० मीटरचा सपाट, सरळ, मोकळा मार्ग. आपल्या सरकारी रुग्णालयात असा कॉरिडॉर सापडलाच तर त्यात नातेवाइकांच्या चटया, डबे, स्ट्रेचर आणि कोपऱ्यात मोबाइल चार्ज करत उभी असलेली मंडळी असतात. मग १५ मीटरवर भागवलं जातं. १५ मीटरवर वळणं दुप्पट होतात, प्रत्येक वळणाला वेग मोडतो आणि अंतर कमी भरतं. ते आकडे ३० मीटरवाल्या अभ्यासांशी ताडून बघता येत नाहीत. जागा छोटीच असेल तर तीच शेवटपर्यंत ठेवा आणि प्रबंधात तसं लिहा.

बोलायचं तेही ठरलेलं आहे. पहिलं मिनिट झालं की सौम्य आवाजात, ‘छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत.’ बस. ‘चला काकू, जरा पाय उचला, शाब्बास!’ असं ओरडलं की अंतर वाढतं, पण ते तुमच्या आवाजाने वाढतं. पेशंटच्या बरोबरीने चालायचं नाही, नाहीतर तो तुमच्या वेगाने चालतो. तो दम खायला थांबला तर घड्याळ थांबवायचं नाही. पहिल्या भेटीत चाचणी दोनदा घ्यायची, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, आणि दोन्हींतलं जास्त अंतर धरायचं. का? कारण दुसऱ्या खेपेला माणूस नुसता सरावानेच जास्त चालतो. एकच चाचणी घेतलीत तर आठ आठवड्यांनी दिसणारी ‘सुधारणा’ कितपत व्यायामाची आणि कितपत सरावाची, हे सांगता येत नाही.

पायात काय आहे तेही लिहून ठेवा. पहिल्या दिवशी चप्पल आणि शेवटच्या दिवशी मुलाने आणून दिलेले बूट, असं होतं. नऊवारी, गुडघेदुखी, दुपारचं ऊन, सगळं नोंदवहीत येऊ द्या. जुनाट फुफ्फुसविकारात ३० मीटरच्या आसपासचा फरक पेशंटला जाणवण्याइतका मानतात. तीस मीटर म्हणजे कॉरिडॉरची एक फेरी. एवढ्या बारीक फरकावर सगळा निष्कर्ष टांगलेला असताना मोजणी सैल ठेवून कशी चालेल?

आणखी एक. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या कातडीवर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे २०२० पासून चर्चेत आहे. आपल्या पेशंटांसाठी ही तळटीप नाही.

आमच्याकडे सीपीईटी मशीन नाही. मग पीएचडी होणारच नाही का?

होईल, प्रश्न त्याप्रमाणे निवडला तर. तोंडावर मास्क लावून दर श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारं हे यंत्र ‘का दमतो’ हे सांगतं; चाल-चाचणी ‘किती चालतो’ एवढंच सांगते. हार्ट फेल्युअरमध्ये कमाल ऑक्सिजन वापर दर किलोमागे मिनिटाला १४ मि.लि.च्या खाली असेल तर हृदयरोपणाचा विचार करायचा, ही १९९१ पासूनची खूण याच यंत्राने मिळाली. पुढे बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी औषधं) आल्यावर ती खाली सरकली, तो भाग निराळा.

यंत्र नसेल तर शटल वॉक आहे: दहा मीटरची जागा, दोन शंकू, रेकॉर्ड केलेली बीप, जिच्या तालावर वेग वाढवत चालायचं. तेवढीही जागा नसेल तर एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. सीओपीडीत तीन वेळांचा फरक अर्थपूर्ण धरतात. मात्र खुर्ची शेवटपर्यंत तीच हवी, आणि भिंतीला टेकवलेली.

व्यायामाची तीव्रता नाडीवरून ठरवू का?

हार्ट फेल्युअरचे बहुतेक पेशंट बीटा ब्लॉकरवर असतात. औषध नाडी दाबून ठेवतं, त्यामुळे ‘२२० वजा वय’ हे सूत्र इथे फसतं. प्रत्यक्ष चाचणीत मिळालेली कमाल नाडी वापरा, किंवा बोर्ग मापनपट्टी, जिच्यावर आपण किती दमलो ते पेशंट स्वतःच आकड्यात सांगतो. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असेल तर बोर्गच.

एचआयआयटीवर (थोडा वेळ जोरदार, मग सैल, असा आलटून-पालटून व्यायाम) सध्या सगळे बोलतात. तो विषय घेतला तर?

आधी एक गोष्ट वाचा. २००७ साली नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममधून २७ रुग्णांचा अभ्यास आला. हार्ट फेल्युअरच्या म्हाताऱ्या पेशंटांमध्ये जोरदार इंटरव्हल व्यायामाने कमाल ऑक्सिजन वापर ४६ टक्क्यांनी वाढला, मध्यम गतीच्या व्यायामाने १४ टक्क्यांनी. जगभर खळबळ उडाली. मग युरोपातल्या नऊ केंद्रांनी मिळून २६१ रुग्ण घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. २०१७ साली निकाल आला: मध्यम व्यायामापेक्षा एचआयआयटी सरस ठरलं नाही.

रंजक भाग पुढे आहे. एचआयआयटी गटातल्या निम्म्या रुग्णांनी ठरवून दिलेल्या तीव्रतेपेक्षा कमी जोर लावला होता, आणि मध्यम गटातले बरेच जण जास्त जोर लावत होते. म्हणजे कागदावर दोन वेगळे गट, प्रत्यक्षात एकमेकांत मिसळलेले. प्रबंधात काय लिहून दिलं यापेक्षा पेशंटने काय केलं हे मोजायची सोय करा. ती सोय नसेल तर हा विषय सोडा.

किती पेशंट घ्यावे लागतील? ३० पुरतात असं ऐकलंय.

कशासाठी पुरतात, ते सांगणाऱ्याला विचारा. एक हिशेब करून बघू. दोन गटांत ३० मीटरचा फरक पकडायचा आहे, आकड्यांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ७५ मीटर धरलं, पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) ८० टक्के, सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) ५ टक्के. प्रत्येक गटात ९८ लागतात. वीस टक्के लोक मध्येच गळतील असं धरलं तर १२३, म्हणजे दोन्ही मिळून २४६. आता तुमच्या ओपीडीत महिन्याला चार पात्र आणि तयार पेशंट मिळत असतील तर पाच वर्षं नुसती भरतीलाच गेली. म्हणून नोंदणीआधी दोन महिने ओपीडीत बसून पात्र पेशंट मोजा. संख्याशास्त्रज्ञाकडे तो आकडा घेऊन जा, रिकाम्या हाताने नको.

मोठी चाचणी जमणार नसेल तर व्यवहार्यता अभ्यास, मुलाखतींवर आधारलेला गुणात्मक अभ्यास, किंवा आपल्या लोकांसाठी संदर्भ-समीकरण (निरोगी माणसाकडून किती अपेक्षित, ते सांगणारं सूत्र) हेही पीएचडीच्या तोलाचे विषय आहेत. त्यात कमीपणा मानणारे मार्गदर्शक भेटतील. तुमची वर्षं तुमची आहेत.

पेशंट मध्येच येणं बंद करतात. काय करायचं?

हा या क्षेत्राचा सगळ्यात जुना प्रश्न आहे. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधल्या २,३३१ हार्ट फेल्युअर रुग्णांची एचएफ-अॅक्शन ही चाचणी २००९ मध्ये छापली गेली. पर्यवेक्षणाखाली ३६ सत्रं, मग घरी व्यायाम, त्यासाठी यंत्रंही दिलेली. लक्ष्य होतं आठवड्याला १२० मिनिटं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात मध्यक ९५ मिनिटं भरला, दहाव्या ते बाराव्यात ७४. मृत्यू आणि रुग्णालयात भरती यांतली घट मूळ विश्लेषणात निर्णायक ठरली नाही. रुग्णांच्या तब्येतीतले फरक जमेस धरल्यावर माफक फायदा दिसला. पैसा, माणसं, यंत्रं असूनही ही कथा.

आपल्याकडे कारणं वेगळी, आणि ती आधीच माहीत असतात. पेरणीला माणूस येत नाही. कोकणात लावणीच्या दिवसांत तर विचारूच नका. आषाढात वारकरी पेशंट पंढरीला निघतो. सीओपीडी असतानाही आळंदीहून अडीचशे किलोमीटर चालायला, आणि तुम्ही त्याला ‘गैरहजर’ लिहिता! त्याच्या पायात स्टेप-काउंटर का नाही बांधला, असं आम्हाला नेहमी वाटतं. वेळापत्रक शेतीच्या पंचांगाप्रमाणे आखा. केंद्रावरची सत्रं कमी करून बाकीची घरी आणि फोनवर घ्या. प्रवासखर्च प्रस्तावातच मागून ठेवा. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि महिलांना अर्धं तिकीट आहे, पण स्टँडपासून रुग्णालयापर्यंतची रिक्षा कोण देणार? सुनेला कामावरून सुट्टी घेऊन सासऱ्यांना आणावं लागतं, तोही खर्चच. आणि सोडून गेलेल्यांना फोन करा. रागवायला नव्हे, विचारायला. त्यांची उत्तरं हा तुमच्या प्रबंधातला सगळ्यात वाचनीय भाग ठरू शकतो.

परवानग्या कोणत्या लागतात?

संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून होत नाही. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवता येईल अशा भाषेत. अंगठा लावणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार. व्यायामाच्या खोलीत डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणि तो वापरता येणारा माणूस. अस्थिर अंजायना (विश्रांतीतही येणारी किंवा वाढत जाणारी हृदयाची कळ), नुकतंच बिघडलेलं हार्ट फेल्युअर, लक्षणं देणारा तीव्र अॅओर्टिक स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद होणं), यांना व्यायाम-चाचणीत घ्यायचं नाही.

योगाचा विषय घेतला तर?

घ्या, पण योगा-केअर चाचणी वाचून मगच. हार्ट अटॅक येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण, देशातली २४ केंद्रं, २०२० साली निकाल. योगावर आधारलेल्या रिहॅबने मोठ्या हृदयघटना लक्षणीय घटल्या असं सिद्ध झालं नाही. लोकांना स्वतःची तब्येत थोडी बरी वाटू लागली आणि ते आधीच्या कामाला जास्त प्रमाणात परतले. योगाची बाजू घेणारे पहिलं वाक्य गाळतात, विरोधक दुसरं.

परदेशात जावं का?

नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते, तिथे ‘जागा’ निघते तेव्हा अर्ज करायचा. ऑस्ट्रेलियात स्कॉलरशिपवर भिस्त. बेल्जियममधलं ल्युवन, नेदरलँड्समधलं मास्त्रिख्त, इंग्लंडमधलं लेस्टर ही फुफ्फुसांच्या रिहॅबची मोठी नावं. एक लक्षात असू द्या: ऑस्ट्रेलियात एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट हा मान्यताप्राप्त स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे परतल्यावर त्या पाटीखाली रुग्णालयात जागा मिळेलच असं नाही, फिजिओथेरपिस्टची नोंदणी हातात असलेली बरी.

खर्च कसा भागवायचा?

यूजीसीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिप) ४२,०००. आयसीएमआरची वेगळी परीक्षा आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती आपापल्या प्रवर्गासाठी फेलोशिप देतात. जाहिरात आणि अटी बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका.

प्रश्नावल्या मराठीत भाषांतरित करून वापरल्या तर चालतं का?

आधी मूळ मालकाची परवानगी, आणि तयार मराठी आवृत्ती आहे का याची चौकशी. नसेल तर दोघांनी स्वतंत्र भाषांतर, मग उलट भाषांतर, मग पाच-दहा पेशंटांबरोबर वाचन. हिरवळ कापताना दम लागतो का, असा प्रश्न चाळीतल्या आजींना विचारून काय मिळणार? हंडा उचलताना, भारतीय शौचालयातून उठताना, मंदिराच्या पायऱ्या चढताना, असं विचारावं लागतं. पण शब्द बदलला की गुणांची तुलना होते का, हे तपासायची जबाबदारी तुमच्यावर येते.

मार्गदर्शक कसा निवडावा?

शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचा. मग त्यातल्या एखाद्याला फोन करून विचारा, सर किंवा मॅडम मसुदा किती दिवसांत वाचून देतात.

आमच्या वडिलांना एका रुग्णालयात अशा संशोधनात भाग घ्यायला सांगितलंय. द्यावा का?

चार गोष्टी विचारा. नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआय क्रमांक दाखवतात का? चाचणीच्या वेळी डॉक्टर जवळपास असेल का? मध्येच सोडलं तर चालू उपचारांवर परिणाम होणार नाही, असं संमतीपत्रात लिहिलंय का? व्यायाम न मिळणाऱ्या गटात पडले तर त्यांना नंतर व्यायाम शिकवणार का? उत्तरं सरळ मिळाली तर जाऊ द्या, आणि जाताना औषधांची यादी, चष्मा आणि रोजच्या वापरातली पादत्राणं बरोबर द्या. मधुमेह असेल तर उपाशीपोटी पाठवू नका.